तालीम : लंडनला नाटक शिकायला गेलेले दोघे

'तालीम' हा शब्द मी रोज दोन अर्थांनी वापरतो. उर्दूच्या तासाला तालीम म्हणजे शिक्षण. मराठीच्या तासाला तालीम म्हणजे नाटकाचा सराव, नाहीतर कुस्तीचा आखाडा. शब्द अरबीतून आला, उर्दूत शाळेत बसला आणि मराठीत रंगमंचावर चढला. उर्दूतली तालीम मुलाला मिळावी म्हणून आपले लोक जमीन विकतात. मराठीतल्या तालमीला मुलगा गेला तर मात्र घरात चार दिवस अबोला असतो.

आपल्या समाजात शिकायला परदेशी जाणे म्हणजे एमबीबीएस, इंजिनिअरिंग, फार तर एमबीए. नाटक आणि सिनेमा शिकायला कुणी समुद्र ओलांडतो हे सांगितले तर लोक हसतात. कुणी हसत नाही, तो हे दीनात बसते का असे विचारतो. त्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा अधिकार माझा नाही, मी भाषेचा शिक्षक आहे. पण पहिल्या हसण्याला इतिहासाचे उत्तर आहे. स्वतंत्र भारताच्या रंगभूमीला आकार देणाऱ्या मोजक्या लोकांची नावे काढली, तर त्यात परदेशी तालीम घेऊन परतलेली मुसलमान नावे टाळता येत नाहीत.

त्यात एक बाईही आहे. जोहरा सेहगल, माहेरच्या साहेबजादी जोहरा मुमताजुल्ला खान, यांचा जन्म १९१२ चा, घराणे रामपूरच्या रोहिला पठाणांचे. लाहोरच्या क्वीन मेरी कॉलेजात शिकून त्या १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मनीतल्या ड्रेस्डेनला गेल्या आणि मेरी विगमन यांच्या नृत्यशाळेत तीन वर्षे शिकल्या. परतल्यावर उदय शंकरांच्या संचात आणि नंतर पृथ्वी थिएटरमध्ये त्यांनी वर्षानुवर्षे काम केले. पडदा पाळणाऱ्या घरातली मुलगी नव्वद वर्षांपूर्वी जर्मनीत आधुनिक नृत्य शिकत होती. त्यांच्यावर स्वतंत्रपणे लिहायला हवे. आज मला लिहायचे आहे ते दोघांवर, कारण ते दोघे एकाच शाळेत गेले आणि तिथून जवळजवळ उलटे धडे घेऊन आले.

ती शाळा म्हणजे लंडनच्या गोवर स्ट्रीटवरची रॉयल अकॅडमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्ट, म्हणजेच 'राडा'. १९०४ साली स्थापन झालेली, इंग्रजी रंगभूमीची सर्वांत नावाजलेली शाळा. दोघांपैकी एक पुण्यात जन्मला, दुसऱ्याने नागपुरात पदवी घेतली.

पुण्याचा अरब मुलगा

इब्राहिम अल्काझी यांचा जन्म पुण्यात, १८ ऑक्टोबर १९२५ रोजी झाला. वडील सौदी अरबस्तानातून आलेले व्यापारी, आई कुवेतची. नऊ भावंडांच्या त्या घरात अरबी बोलली जाई. शाळा पुण्यातली सेंट व्हिन्सेंट, तिथे इंग्रजी. भोवतीच्या गावात मराठी. पुढे मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात असताना ते सुलतान पदमसी यांच्या 'थिएटर ग्रुप'मध्ये ओढले गेले.

सुलतान पदमसी हे नाव आज जवळजवळ पुसले गेले आहे. मुंबईच्या खोजा घराण्यातला हा मुलगा कोवळ्या वयात ऑक्सफर्डला गेला, महायुद्धामुळे परतला आणि कॉलेजच्या पोरांना जमवून इंग्रजी नाटके करू लागला. १९४६ साली, तेवीस वर्षांचा असताना, त्याने आपले आयुष्य संपवले. त्याची बहीण रोशन आणि अल्काझी यांचे लग्न झाले. अल्काझींच्या पुढच्या नाटकांची वेशभूषा म्हणजे रोशन अल्काझी हे समीकरण अनेक वर्षे टिकले.

मग १९४७ आले. अल्काझींचे उरलेले कुटुंब पाकिस्तानात गेले, ते मात्र गेले नाहीत. फाळणीच्या आगेमागे असे निर्णय हजारो घरांत झाले आणि प्रत्येक घरातली कारणे वेगळी होती. पण ज्याच्या घरची भाषा अरबी, आईबापांचे मूळ या देशाबाहेरचे आणि सख्खे लोक सरहद्दीपार, असा तरुण इथे राहतो आणि पुढे देशाच्या राष्ट्रीय नाट्यशाळेची पंधरा वर्षे धुरा वाहतो, ही गोष्ट आपल्या मुलांना ठाऊक असायला हवी. देशभक्तीची प्रमाणपत्रे वाटत फिरणाऱ्यांनाही ती ठाऊक असायला हवी.

चाळिशीच्या दशकाच्या शेवटी अल्काझी लंडनला गेले. चित्रकलेची ओढ होतीच, पण शिकले ते राडात. इंग्लिश ड्रामा लीग आणि बीबीसी या दोन्हींनी त्यांचा गौरव केला. लंडनमध्ये काम करण्याच्या संधीही समोर आल्या. त्या नाकारून ते मुंबईला परतले.

त्यांनी तिथून आणलेली वस्तू म्हणजे शिस्त. नाटक हा हौसेचा मामला नसून ते शिकण्याचे शास्त्र आहे, त्याला अभ्यासक्रम असतो, प्रकाशयोजना, नेपथ्य, वेशभूषा, आवाज, शरीर, चित्रकला, इतिहास हे सगळे विषय त्यात येतात, ही समज त्यांनी आणली. १९५४ साली त्यांनी 'थिएटर युनिट' सुरू केले. वॉर्डन रोडच्या भुलाभाई मेमोरियल इन्स्टिट्यूटमध्ये, जिथे एका खोलीत चित्रकार रंगवत असत आणि दुसरीत सतार वाजत असे, तिथे ते शिकवू लागले. स्वतःच्या इमारतीच्या गच्चीवर त्यांनी 'मेघदूत' नावाचे छोटे नाट्यगृह उभे केले. प्रेक्षक सहा मजले चढून नाटक बघायला जात.

मराठी रंगभूमीला याचा थेट लाभ झाला. विजया मेहता अल्काझींकडे शिकल्या. १९६० मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह 'रंगायन' सुरू केले. तिथून मराठी प्रायोगिक नाटकाला जे वळण लागले, त्यात राडाचा एक धागा आहे. अल्काझी दिल्लीला गेल्यावर थिएटर युनिट सत्यदेव दुबे यांनी चालवले. दुबेंचे मराठी नाटकावरचे ऋण मी सांगायची गरज नाही.

१९६२ साली अल्काझी राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे, एनएसडीचे संचालक झाले. संस्था तीन वर्षांपूर्वी स्थापन झाली होती. तिला शाळेचे रूप दिले ते त्यांनी. ते विद्यार्थ्यांकडून झाडू मारून घेत आणि वेळ आली की स्वतः स्वच्छतागृह साफ करत, ही हकिकत त्यांचे विद्यार्थी पुन्हा पुन्हा सांगतात. १९६३ मध्ये त्यांनी धर्मवीर भारतींचे 'अंधा युग' फिरोजशाह कोटल्याच्या भग्न अवशेषांत केले. पुढे गिरीश कार्नाडांचे 'तुघलक' पुराना किल्ल्यात केले, मनोहर सिंग तुघलक झाले. महाभारताची शेवटची रात्र चौदाव्या शतकातल्या सुलतानाच्या कोटल्यात आणि त्याच शतकातल्या दुसऱ्या सुलतानाची कैफियत पांडवांच्या इंद्रप्रस्थाशी नाते सांगणाऱ्या किल्ल्यात! जागेची ही निवड म्हणजे न बोलता शिकवलेला इतिहासाचा धडा होता.

त्यांच्या हाताखालून गेलेल्यांची यादी लांब आहे. ओम शिवपुरी, सुरेखा सिक्री, उत्तरा बावकर, नसिरुद्दीन शाह, ओम पुरी, रोहिणी हट्टंगडी, जयदेव हट्टंगडी, रतन थिय्याम. यातले नसिरुद्दीन आणि ओम पुरी नंतर पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये, प्रभातच्या जुन्या आवारात, सिनेमाचे शिक्षण घ्यायला आले. ज्या शहरात उस्ताद जन्मला, त्याच शहरात शागीर्दांनी दुसरी तालीम घेतली. यादीतल्या बहुतेकांना लंडनचे तिकीट कधीच परवडले नसते. अल्काझी एकदा जाऊन आले, म्हणून इतरांचे काम दिल्लीत भागले. परदेशी शिक्षणाचा याहून चांगला हिशेब मला माहीत नाही.

नागपूरचा पदवीधर

दुसऱ्याची गोष्ट वेगळी आहे. हबीब अहमद खान यांचा जन्म १ सप्टेंबर १९२३ रोजी रायपूरला झाला. वडील पेशावरकडून येऊन तिथे स्थायिक झालेले. रायपूर तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाडात होते आणि राजधानी होती नागपूर. त्यामुळे कॉलेजसाठी हबीब नागपूरच्या मॉरिस कॉलेजात आले आणि १९४४ मध्ये पदवीधर झाले. मग अलीगढला एमएचे एक वर्ष. शायरीसाठी 'तनवीर' हे तखल्लुस घेतले आणि तेच नाव झाले.

१९४५ मध्ये ते मुंबईत आले. रेडिओ, सिनेमाविषयीची पत्रकारिता, चित्रपटांत किरकोळ कामे आणि इप्टा. हीच ती वर्षे, जेव्हा अण्णा भाऊ साठे, शाहीर अमर शेख आणि गव्हाणकर यांचे लाल बावटा कलापथक गिरणगावात गाजत होते. बार्शीचा मेहबूब पटेल 'अमर शेख' होऊन हजारोंच्या सभेत मराठीत गात होता. तमाशाचे लोकनाट्य होत होते. त्यासाठी कुणाला लंडनला जावे लागले नव्हते, हे इथेच नोंदवून ठेवतो.

१९५४ मध्ये तनवीर दिल्लीत होते. तिथे त्यांनी 'आग्रा बाजार' केले. नजीर अकबराबादी हा अठराव्या-एकोणिसाव्या शतकातला शायर, ज्याने काकडी, लाडू, पतंग, अस्वलाचे पिल्लू यांवर कविता लिहिल्या आणि म्हणून विद्वानांनी ज्याला बराच काळ शायर मानले नाही. नाटकात नजीर रंगमंचावर येतच नाही. एका काकडीवाल्याची काकडी खपत नाही, त्याला काकडीवर कविता हवी आहे, एवढीच काय ती गोष्ट. जामिया मिलियाचे विद्यार्थी आणि ओखल्याचे साधे रहिवासी त्यात नट होते. साहित्य किताबखान्यात असते की बाजारात, हा त्यातला प्रश्न आजही आपल्या मुशायऱ्यांना विचारण्याजोगा आहे.

त्यानंतर, १९५५ मध्ये, तनवीर राडात दाखल झाले. आणि तिथे त्यांचे बिनसले.

कारण भाषा. अभिनय शिकायचा तर इंग्रजीत. इंग्रजी उच्चारांसाठी जबडा, ओठ, जीभ नव्याने वळवायची. तनवीरांनी नंतरच्या मुलाखतींत सांगितलेला मुद्दा असा : बोलणे भाषेतून येते, चालणे-वळणे बोलण्यातून येते आणि पात्र या दोन्हींतून. जी भाषा मी रंगमंचावर कधी बोलणार नाही, तिच्यात शरीर घडवून मी घरी जाऊन काय करू? त्यांनी राडा अर्ध्यावर सोडले आणि ब्रिस्टलच्या ओल्ड विक शाळेत दिग्दर्शन शिकायला गेले.

मग युरोपभर भटकंती. मिळेल ते काम करत, मिळतील ती नाटके बघत ते बर्लिनला पोहोचले. ज्याला भेटायचे होते तो बर्टोल्ट ब्रेख्त ऑगस्ट १९५६ मध्ये वारला होता. तनवीरांनी बर्लिनमध्ये सुमारे आठ महिने राहून ब्रेख्तच्या संचाची नाटके पाहिली. वास्तवाचा भास निर्माण करायचा नाही, मध्येच गाणे आणायचे, प्रेक्षकाला विचार करत ठेवायचे, हे तिथे नवे मानले जात होते. संस्कृत नाटकाचा सूत्रधार आणि आपल्याकडचा सोंगाड्या हे कधीपासून करत आले आहेत. जर्मनीत जाऊन त्यांना घर दिसले.

पंधरा वर्षे लागलेला धडा

इथपर्यंतची गोष्ट बऱ्याच ठिकाणी सांगितली जाते. पुढचा भाग मला शिक्षक म्हणून अधिक मोलाचा वाटतो.

१९५८ मध्ये परतल्यावर तनवीरांनी बेगम कुदसिया जैदी यांच्या 'हिंदुस्तानी थिएटर'साठी शूद्रकाचे 'मृच्छकटिक' 'मिट्टी की गाडी' म्हणून केले आणि त्यात छत्तीसगढचे सहा नाचा कलावंत घेतले. नाचा म्हणजे रात्रभर चालणारा तिकडचा लोकनाट्याचा प्रकार, आपल्या तमाशाचा लांबचा भाऊ. १९५९ मध्ये पत्नी मोनिका मिश्र यांच्यासह त्यांनी 'नया थिएटर' सुरू केले. पण काही केल्या जमेना. गावात रात्रभर हजारो लोकांना खिळवून ठेवणारे हे नट दिल्लीच्या रंगमंचावर अवघडून जात.

कोडे सुटायला १९७० चे दशक उजाडले. तनवीर त्यांना हिंदी बोलायला लावत होते. आणि इंग्रजी पद्धतीप्रमाणे या वाक्याला इथून तिथे जा, त्या वाक्याला उजवीकडे वळ, अशा हालचाली आखून देत होते. नाच्याच्या नटाला उजवे-डावे माहीत नसते, प्रेक्षक जिथे, तिकडे तोंड. तनवीरांनी पुढे हे मोकळेपणाने सांगितले आहे. राडामध्ये जी गोष्ट त्यांना स्वतःविषयी कळली, की परक्या भाषेत शरीर बांधले जाते, ती या नटांविषयी कळायला पंधरा वर्षे गेली. लंडनमध्ये इंग्रजीचे जे स्थान, तेच रायपूरच्या खेड्यातल्या माणसापुढे हिंदीचे होते.

१९७३ मध्ये रायपूरला त्यांनी नाचा कलावंतांबरोबर कार्यशाळा घेतली. भाषा छत्तीसगढी ठेवली, हालचाली नटांवर सोडल्या. 'गाँव के नाँव ससुराल, मोर नाँव दमाद' हे नाटक तिथे घडले. १९७५ मध्ये विजयदान देथांच्या कथेवरून 'चरणदास चोर' आले. खोटे न बोलण्याची शपथ घेतलेला चोर आणि त्या शपथेसाठी त्याने दिलेला जीव. श्याम बेनेगल यांनी त्यावर सिनेमा केला. १९८२ मध्ये हे नाटक एडिंबराच्या महोत्सवात गेले आणि तिथे त्याला फ्रिंज फर्स्ट हा पुरस्कार मिळाला. ज्या देशात त्या माणसाला इंग्रजीत अभिनय जमेना, त्या देशाने त्याचे छत्तीसगढी नाटक उचलून धरले.

दोघांत बरोबर कोण?

नाट्यवर्तुळात हा वाद जुना आहे. अल्काझींवर पाश्चात्त्य वळणाचा, कडक शिस्तीचा, प्रांतोप्रांतीच्या मुलांना एकाच साच्यात घालण्याचा आरोप झाला. १९७७ मध्ये ते एनएसडीतून बाहेर पडले आणि नंतर आलेल्या ब. व. कारंत यांनी शाळा लोकपरंपरेकडे वळवली. तनवीरांवर उलटा आक्षेप घेतला जातो की त्यांची पद्धत त्यांच्याबरोबर संपली, तिची शाळा झाली नाही.

मला वाटते, दोन्ही आक्षेपांत तथ्य आहे आणि म्हणूनच दोघे लागतात. अल्काझी नसते तर गरिबाच्या मुलाला नाटकाची रीतसर तालीम मिळाली नसती. आपल्या मराठवाड्यातलेच उदाहरण घ्या. एनएसडीत शिकलेल्या कमलाकर सोनटक्के यांनी औरंगाबादच्या विद्यापीठात नाट्यशास्त्र विभाग उभारला आणि खेड्यापाड्यांतली पोरे तिथे येऊ लागली. आणि तनवीर नसते, तर त्या तालमीत मुलाने आपली बोली दाराबाहेर चपलेसारखी काढून ठेवावी, हेच बरोबर मानले गेले असते.

दोघांत एक गोष्ट मात्र सारखी आहे. दोघेही रिकाम्या हाताने गेले नाहीत. एकाच्या मागे थिएटर ग्रुप होता, दुसऱ्याच्या मागे इप्टा आणि 'आग्रा बाजार'. परदेशी शाळा काय देते, हे आपण तिथे काय घेऊन जातो त्यावर ठरते. आणि दोघेही परतले.

हे सगळे मी का सांगतो आहे? उर्दू शाळेतल्या आपल्या मुलाच्या तोंडात तीन भाषा असतात. घरी 'मेरेकू नक्को' म्हणणारी दखनी, वर्गात किताबी उर्दू, रस्त्यावर मराठी. कोकणातल्या मुलाची घरची बोली तर मराठीचीच. आंतरशालेय नाट्यस्पर्धेची वेळ आली की आपण त्याच्या हातात अवघड उर्दूचा किंवा पुणेरी मराठीचा मजकूर देतो. मुलगा खांबासारखा उभा राहतो. परीक्षक म्हणतात, मुस्लिम मुलांमध्ये आत्मविश्वास कमी आहे. आत्मविश्वास कमी नसतो. मधल्या सुट्टीत तोच मुलगा हेडमास्तरांची हुबेहूब नक्कल करून सगळे मैदान हसवत असतो. तेव्हा त्याची जीभ त्याच्या मालकीची असते.

ज्या मुलामुलींना नाटक-सिनेमा शिकायचा आहे, त्यांनी जरूर शिकावा. पदवी आणि काही नाटकांचा अनुभव असेल तर एनएसडीचे दार ठोठावता येते, तिथे शिष्यवृत्तीही मिळते. पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट आहे. ऐपत किंवा वजिफा असेल तर लंडनही आहे. पण जाण्याआधी आपल्या मोहल्ल्याचा एखादा 'आग्रा बाजार' करून जा. ईदच्या आदल्या रात्रीचा बाजार, यंत्रमागाच्या खडखडाटात ओरडून बोलायची सवय झालेले मालेगावचे कामगार, आखातातून दोन वर्षांनी आलेल्या बापाला न ओळखणारे कोकणातले पोर, हे अजून कुणी नीट लिहिलेले नाही.

हबीब तनवीर ८ जून २००९ रोजी भोपाळमध्ये गेले, इब्राहिम अल्काझी ४ ऑगस्ट २०२० रोजी दिल्लीत. पेशावरच्या पठाणाच्या मुलाने छत्तीसगढीला जगाच्या रंगमंचावर नेले आणि अरबाच्या मुलाने भारताची नाट्यशाळा बांधली. आपल्या उर्दू आणि मराठी पाठ्यपुस्तकांत या दोघांवर एकेक धडा असावा, अशी माझी मागणी आहे. तो येईपर्यंत वर्गात तोंडी सांगणे कुणी अडवलेले नाही.